मनगटावरची सरासरी

मनगटावर बांधलेले आजचे घड्याळ एकाच छोट्या पडद्यावर तीन वेगवेगळ्या जातींची विधाने करते. सहा वाजून चाळीस मिनिटे झाली, हे पहिले. नाडीचे ठोके मिनिटाला १०८, हे दुसरे. आणि पाऊण तास चालून १८९ कॅलरी जळाल्या, हे तिसरे. तिन्ही विधाने सारख्याच अक्षरात, सारख्याच ठामपणे मांडलेली असतात. प्रत्यक्षात पहिली गोष्ट घड्याळाला बाहेरून कळवली जाते, दुसरी ते स्वतः मोजते आणि तिसरी ते अनुमानाने काढते. कळवलेले, मोजलेले आणि अनुमानलेले यांच्यातला फरक पडद्यावर कुठेही दिसत नाही. वजन उतरवू पाहणारा माणूस मात्र नेमक्या तिसऱ्या विधानावर आपले जेवण बेततो. म्हणून त्या विधानाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माझी भूमिका आधी स्पष्ट करते. मी सांख्यिकीची निवृत्त प्राध्यापिका आहे. रक्तातील साखर सीमारेषेवर आली तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. तेव्हापासून गेले वर्षभर असे घड्याळ माझ्या हातावर आहे आणि त्याचे रोजचे आकडे वहीत आहेत. या काळात वजन ७२ किलोवरून ६६ किलोवर आले. तेव्हा हे यंत्र निरुपयोगी आहे असे म्हणण्याचे मला काहीच कारण नाही. त्याच्या एका आकड्याला आपण जो मान देतो, तो त्याला पेलतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आकडा कसा तयार होतो

कॅलरी हे मुळात उष्णतेचे माप. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातली एक कॅलरी. शास्त्रीय काटेकोरपणाने तिला किलोकॅलरी म्हणतात. शरीराच्या व्यवहाराला हे माप लावण्याची वाट फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी उघडली. १७८२-८३च्या हिवाळ्यात त्यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, किती बर्फ वितळले ते पाहिले आणि त्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूशी त्या उष्णतेची सांगड घातली. श्वसन म्हणजे सावकाश होणारे ज्वलनच, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १८९०च्या दशकात अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली तयार केली. आत जाणारे अन्न आणि हवा, बाहेर येणारी उष्णता आणि उच्छ्वास या साऱ्याची तिथे नोंद होई. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, हे आज पाकिटापाकिटांवर वापरले जाणारे गुणक त्यांच्याच कामातून आले.

‘कॅलरी जाळणे’ हे क्रियापदही त्याच ज्वलनाच्या कल्पनेतून आलेले आहे. मराठीत देहातली आग ही परंपरेने भुकेची आग आहे. पोटात आग पडते, आगडोंब उसळतो, आणि ती आग अन्न मागते. कष्टासाठी मराठीचे शब्द वेगळे आहेत: आपण घाम गाळतो, हाडे झिजवतो, अंग मोडून काम करतो. या शब्दांत श्रमाचा शीण आहे, पण त्यातून शिल्लक किती उरली याचा हिशेब नाही. ‘जाळल्या’ म्हटले की मात्र काहीतरी कायमचे नष्ट झाले, आता त्या जागी दुसरे काही ठेवायला मोकळीक आहे, असा अर्थ न सांगता येऊन बसतो.

अ‍ॅटवॉटर यांना एका माणसाचा खर्च मोजायला अख्खी खोली लागली. घड्याळाकडे काय असते? हाताची हालचाल टिपणारा एक संवेदक, त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या लहरीवरून नाडी ओळखणारा दुसरा, आणि आपण भरलेली माहिती: वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष. श्वासात किती प्राणवायू गेला, हे मनगटावरून दिसत नाही. मग घड्याळ नाडी आणि हालचाल यांवरून, इतर लोकांवर झालेल्या प्रयोगांतून बसवलेल्या समीकरणांच्या आधारे खर्चाचा अंदाज बांधते. ही समीकरणे कंपन्या सहसा पूर्णपणे उघड करत नाहीत.

नाडी आणि ऊर्जा यांचे नाते मुळातच सैल आहे. कडक चहा, दमट हवा, ताप, काळजी यांनी ठोके वाढतात. त्या प्रमाणात स्नायूंचे काम वाढत नाही. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी ठोके दबतात. काम मात्र तेवढेच राहते. दोन्ही हातांनी बाजारातली ढकलगाडी धरून चाललो तर मनगट स्थिर राहते आणि पावले गळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली. सातपैकी सहा उपकरणांची नाडी मोजण्यातली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. ती उपकरणे आता जुनी झाली. पण नाडी मोजता येते आणि ऊर्जा अनुमानावी लागते, हे चुकीमागचे कारण आजही तसेच आहे.

एका चालण्याचे तीन हिशेब

चुकीचा आकार समजण्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरते. ७२ किलो वजनाची, १५५ सेंटिमीटर उंचीची, ६१ वर्षांची स्त्री पाऊण तास बऱ्यापैकी वेगाने चालते असे धरू.

व्यायामशास्त्रात प्रत्येक हालचालीला विश्रांतीच्या पटीत एक अंक दिलेला असतो, त्याला ‘मेट’ म्हणतात. शांत बसणे म्हणजे १ मेट, म्हणजे दर किलो वजनाला दर तासाला सुमारे १ कॅलरी. अशा अंकांची मोठी सूची अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे वेळोवेळी सुधारली गेली. आपले चालणे ३.५ मेट धरले, तर ३.५ × ७२ × ०.७५ म्हणजे १८९ कॅलरी. हा पहिला हिशेब.

पण ही बाई त्या पाऊण तासात घरी नुसती बसली असती, तरी याच सूत्राने तिच्या ५४ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. त्या वजा केल्या की चालण्याचा स्वतःचा खर्च १३५ उरतो. हा दुसरा हिशेब. ‘एकूण’ आणि ‘सक्रिय’ असे दोन आकडे घड्याळे दाखवतात, त्यांतला फरक हाच.

तिसरा हिशेब आणखी खाली जातो. ‘दर किलोला दर तासाला १ कॅलरी’ हे गृहीतक धरले तर या बाईचा निव्वळ विश्रांतीचा खर्च दिवसाला १७२८ येतो. याउलट १९९० साली मिफ्लिन आणि सहकाऱ्यांनी ४९८ व्यक्तींच्या मोजमापांवरून बसवलेल्या, आज आहारतज्ज्ञ सर्रास वापरतात त्या समीकरणाने तोच खर्च सुमारे १२२३ येतो. दोन्ही समीकरणे प्रतिष्ठित, बाई एकच, आणि फरक ५०० कॅलरींचा. हा दुसरा आकडा पायाला धरला, तर चालण्याचा निव्वळ खर्च ९६ कॅलरींवर येतो. शिवाय भारतीय शरीरांचा विश्रांतीचा खर्च आंतरराष्ट्रीय समीकरणांपेक्षा कमी असतो असे मानून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९८९च्या तज्ज्ञगटाने ती समीकरणे ५ टक्क्यांनी खाली आणली होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

म्हणजे १८९, १३५ आणि ९६. तिन्ही उत्तरे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. आता दिवाळीच्या फराळातला एक बेसनाचा लाडू घ्या. त्यात १० ग्रॅम तूप धरले तर ९० कॅलरी, १५ ग्रॅम साखर धरली तर ६०, आणि बेसनाच्या वेगळ्या. लाडू सहज दोनशेच्या पुढे जातो. पहिल्या हिशेबाने चालणे आणि लाडू यांची जवळजवळ फिटंफाट होते. तिसऱ्या हिशेबाने लाडवाचा निम्मासुद्धा फिटत नाही. ‘आज चालून कमावले, आता खायला हरकत नाही’ ही सवय ज्या वजाबाकीवर उभी आहे, तिचे एक पद असे दुपटीने हलते.

घड्याळ बांधल्याने वजन अधिक उतरते का, याचीही तपासणी झाली आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील ४७१ तरुण व्यक्तींवरचा दोन वर्षांचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन होते. निम्म्यांना त्यासोबत दंडावर बांधायचे उपकरण दिले होते. दोन वर्षांनी उपकरणाविनाच्या गटाचे वजन सरासरी ५.९ किलोने उतरले होते, उपकरणवाल्या गटाचे ३.५ किलोने. असे का झाले, हे त्या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही, आणि एका प्रयोगावरून यंत्राला दोषी ठरवणे योग्य नाही. पण अधिक आकडे म्हणजे अधिक यश, हे समीकरण तरी त्याने मोडले.

पुण्यात झालेला वाद

सरासरीवरून व्यक्तीबद्दल बोलावे का, आणि बोलायचे तर किती, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. तो कॅलरीच्याच निमित्ताने, पण अगदी उलट्या टोकाच्या माणसांबद्दल, पुण्यात होऊन गेला आहे.

१९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च ही त्यांची किमान पातळी होती. त्या मोजपट्टीने १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या पातळीखाली होते. नंतर १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० कॅलरी हे निकष स्वीकारले आणि देशाची दारिद्र्यरेषा त्यांना बांधली गेली.

याला आक्षेप घेतला तो पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते, आणि निवृत्तीनंतर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करत. त्यांचे म्हणणे दोन पायऱ्यांचे होते. पहिली पायरी अशी की सरासरी गरज ही रेषा म्हणून वापरता येत नाही, कारण निरोगी माणसांपैकी निम्म्यांची गरज सरासरीहून कमीच असते. दुसरी पायरी अधिक धाडसी होती: एकाच माणसाची गरजसुद्धा स्थिर नसते. अन्न कमी-जास्त झाले तर शरीर एका मर्यादेत आपला खर्च स्वतःच कमी-जास्त करते, असे त्यांनी शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर मांडले.

दांडेकरांनी १९८२ साली याचा सविस्तर प्रतिवाद केला. सुखात्म्यांचे मोजमाप मान्य केले तर कागदावरची उपासमार एका झटक्यात घटते, त्यामुळे वाद केवळ संख्याशास्त्राचा राहिला नाही. शरीर जुळवून घेते हे खरे मानले, तरी त्या जुळवणुकीची किंमत कोण मोजते, असा प्रश्न पोषणतज्ज्ञांनी विचारला. डेव्हिड सेक्लर यांची ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना पुढे आली तेव्हा सी. गोपालन यांनी तिच्यावर कठोर टीका केली: कमी अन्नात जगणारे शरीर खुंटते आणि त्याची कामाची ताकद जाते.

त्या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा येथे करायचा नाही. मला त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. दांडेकर-रथ यांचा २२५० हा आकडा कोणा एकाच्या ताटासाठी नव्हता; खर्चगटांची तुलना करण्यासाठी होता, आणि त्या कामाला सरासरी योग्यच होती. दुसरी गोष्ट सुखात्म्यांची: सरासरीभोवतीचा पसरटपणा ही मोजमापातली घाण नव्हे, ती शरीराची प्रकृतीच आहे. घड्याळ या दोन्ही गोष्टी विसरते. ते गटाची सरासरी घेते, पसरटपणा पुसून टाकते आणि उत्तर एका व्यक्तीच्या हाती ‘तुझा खर्च’ म्हणून ठेवते.

काटकसरी शरीर

शरीर खर्च जुळवून घेते, या विचाराला अलीकडे वेगळ्या दिशेने बळ मिळाले. टांझानियातील हाड्झा लोक अजूनही शिकार आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा एकूण खर्च हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून मोजला. मोकळ्या जीवनातला खर्च मोजण्याची आज हीच सर्वांत विश्वासार्ह पद्धत मानतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की देहाचे आकारमान लक्षात घेता हाड्झांचा दिवसाचा एकूण खर्च बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. व्यायाम वाढला की शरीर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात काटकसर करते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ते किती प्रमाणात लागू पडते यावर मतभेद आहेत. पण चालण्याच्या कॅलरी सरळ बेरजेने दिवसाच्या खर्चात पडतात, हे गृहीत धरता येत नाही.

वजन उतरवतानाही हेच घडते. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचा विश्रांतीचा खर्च त्यांच्या देहमानावरून अपेक्षित असलेल्या खर्चापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला. ही टोकाची उदाहरणे आहेत, पण दिशा सर्वांना लागू आहे. घड्याळाच्या सूत्राला आपले वजन कळते. शरीराने आवळलेली मूठ कळत नाही.

याचा परिणाम आकड्यांपुरता राहत नाही. आमच्या फिरण्याच्या गटातली एक मैत्रीण दोन महिने काटा न हलल्याने रडवेली झाली होती. ती म्हणाली, “अगं, घड्याळ म्हणतंय रोज चारशे जाळल्या. काटा तिथंच. म्हणजे मीच कुठंतरी नकळत चोरून खात असणार.” रात्रीची भाकरी तिने तेव्हाच बंद केली होती. घड्याळ आणि काटा यांच्या साक्षी जुळेनात, तेव्हा तिने संशय घेतला तो स्वतःवर. घड्याळाने आपले उत्तर ‘२५० ते ५००, बहुधा’ असे दिले असते, तर हा आरोप तिला स्वतःवर ठेवावा लागला नसता. माझा मुख्य आक्षेप येथे आहे. हवामानखाते पावसाची ‘शक्यता’ सांगते, आणि अंदाज चुकला तर आपण खात्याला हसतो. घड्याळाने शक्यता लपवली की हसे आपले होते.

मग घड्याळ वाचायचे कसे

सांख्यिकीत अचूकता आणि सातत्य हे दोन वेगळे गुण आहेत. दुकानदाराचा तराजू प्रत्येक वेळी ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो अचूक नाही, पण गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात माल वाढला की घटला हे तो सांगू शकतो. घड्याळाचा कॅलरीचा आकडा असा वाचावा. त्याच वाटेवर, त्याच वेळी चालून गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात तो कुठे गेला, एवढेच त्याला विचारावे. शेजारणीच्या घड्याळाशी त्याची तुलना करू नये, आणि जेवणाच्या हिशेबात तो वजाबाकीला घेऊ नये.

नाडीचा आकडा त्याहून भरवशाचा आहे. तोच चढ कमी ठोक्यांत चढता येऊ लागला, तर हृदयाची ताकद वाढली असे समजायला हरकत नाही. माझ्या वहीत वर्षभरातली सर्वांत बोलकी नोंद हीच आहे. वजनासाठी साक्ष काट्याचीच घ्यावी, तीही रोजची नव्हे. पाणी, मीठ, पोटातले अन्न यांनी काटा रोज किलोभर इकडेतिकडे होतो. आठवड्याची सरासरी काढून चार-सहा आठवड्यांचा कल पाहावा. एक किलो चरबीला ७७०० कॅलरी हा हिशेब ढोबळ असला, तरी काटा किती सावकाश हलणार हे त्यावरून कळते. कल थांबला तर सूत्राने काहीही सांगितले तरी त्या शरीराचा जमाखर्च त्या अन्नावर बरोबरीत आला आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वह्या पूजतात. जुन्या पेढ्यांवर कच्ची वही आणि पक्की वही वेगळ्या असत. कच्च्या वहीत दिवसभराची टिपणे घाईने उतरवली जात. ताळा जुळल्यावरच रक्कम पक्क्या वहीत चढे. घड्याळाचा कॅलरीचा आकडा ही कच्च्या वहीतली नोंद आहे. तिच्याशिवाय पेढी चालणार नाही असेही नाही, आणि ती फेकून द्यावी असेही नाही. ताळा मात्र काट्याशी, नाडीशी आणि आपल्या भुकेशी जुळवून पाहावा लागतो. ते काम घड्याळ करून देत नाही.